लॉख टेच्या काठी, एका गोठ्यात

"आई, यंदा आपण गोठ्यात राहायला जायचंय," असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं लाइन खराब आहे. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा गोठाच ऐकू आला.

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. लेक आणि जावई एडिंबराला असतात, नात तिथल्याच शाळेत सातवीत. त्यांच्याकडे आमची ही तिसरी खेप. किल्ला, संग्रहालयं, बाजार सगळं पाहून झालेलं. तेव्हा यावेळी आठवडाभर एका तळ्याच्या काठी घर घेऊन राहायचं असं ठरलं. त्याला तिकडे 'सेल्फ केटरिंग' म्हणतात. म्हणजे घर त्यांचं, स्वयंपाक आपला. आमचे हे लगेच म्हणाले, "म्हणजे सुट्टी आम्हाला. तुला काय, इथलं स्वयंपाकघर आणि तिथलं स्वयंपाकघर!" मी म्हटलं, चालेल, निदान खिडकीतून तळं तरी दिसेल.

तळ्याचं नाव लॉख टे. गेलिक भाषेत तळ्याला लॉख म्हणतात. इंग्रज लोक त्याला 'लॉक' म्हणतात, त्यांना शेवटचा ख जमत नाही. आपल्याला जमतो. माझ्या जावयाला त्याचा फार अभिमान आहे.

एडिंबराहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. तळं लांबुळकं आहे, जवळजवळ २३ किलोमीटर, आणि खोल म्हणाल तर काही ठिकाणी दीडशे मीटर. एका टोकाला केनमोर, दुसऱ्या टोकाला किलिन. उत्तरेकडून मोठा रस्ता जातो. आमचं घर दक्षिणेच्या काठाला, जिथे रस्ता एका गाडीपुरताच. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जाऊन बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात वर करून आभार मानायचे. पहिल्या दिवशी ह्यांनी इतके हात वर केले की संध्याकाळी खांदा दुखायला लागला.

घर म्हणजे खरोखरच जुना गोठा. दगडी भिंती हातभर जाड, लहान खिडक्या, वर स्लेटचं छप्पर. आत मात्र सगळं नवं. काचेची शेगडी, भांडी धुण्याचं यंत्र, लाकडं जाळायची बंद भट्टी, दाराशी आकडे दाबून उघडायची किल्लीची पेटी. दारामागे परवान्याचा नंबर लावलेला. अशी घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायची तर तिकडे आता परवाना लागतो, २०२२ पासून ती पद्धत सुरू झाली. मी गोडा मसाला, मेतकूट, ज्वारीचं पीठ, चिंच, गूळ असं सगळं बरोबर नेलेलं. पहिल्या रात्री पिठलं-भाकरी झाली. रात्री म्हणायचं, कारण साडेदहा वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता.

जेवण झाल्यावर आम्ही पायरीवर बसलो. समोर पाणी, पलीकडे बेन लॉअर्सचा डोंगर. उंची १२१४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच, पण अंगावर शाल घेतल्यासारखे ढग पांघरून बसलेला. वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटं चावायला येतात, तेवढा एक त्रास. बाकी कुठे आवाज नाही. नात हात पसरून म्हणाली, "आजी, किती मस्त ना! इथे कुणीच नाही!"

मीही हो म्हटलं. खरंच छान वाटत होतं. पण हे 'कुणीच नाही' माझ्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस. स्कॉटलंडमध्ये तो असायचाच. भाजी फोडणीला टाकून मी भिंतीवरचं एक चित्र बघत उभी राहिले. चित्र नव्हतंच, जुन्या नकाशाची प्रत होती. खाली साल १७६९. इतिहास शिकवलेल्या बाईला एवढं पुरे असतं. भाजी लागली, ती लेकीने उतरवली.

त्या नकाशाची हकीकत अशी. हा सगळा मुलूख ब्रेडलबेनच्या कॅम्पबेल घराण्याचा. आपल्याकडे संस्थानिक असत तसे, फक्त जमीन त्यांच्या मालकीची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ह्या घराण्याकडे चार लाख एकरांच्या वर जमीन होती. १७६९ मध्ये तिसऱ्या अर्लने तळ्याच्या दोन्ही काठांची मोजणी करून घेतली. उत्तर काठ जॉन फार्क्वरसनने मोजला, दक्षिण काठ जॉन मॅकआर्थरने. दोघांनी एकेक शेत, कुरण, रान, घर कागदावर उतरवलं आणि प्रत्येकाचं नाव लिहिलं. हेतू अर्थातच खंड वाढवण्याचा आणि शेती 'सुधारण्याचा' होता. आपल्याकडे पुढे इंग्रजांनी पाहणी-खातं काढलं तेही धर्मादाय म्हणून नव्हे! पण मोजणीदाराच्या कागदाचा एक गुण असतो. त्याने लिहिलेलं मालकाला नको झालं तरी मागे राहतं.

आणि त्या कागदावर आमचा रिकामा काठ गजबजलेला होता.

एकेका शेतीवर चार-चार, सहा-सहा कुटुंबं. घरं एकमेकांना लागून, त्याला फर्मटाउन म्हणत. टाउन म्हटलं तरी आपली वाडीच ती. घराजवळच्या जमिनीला सगळं शेणखत जायचं आणि तिथे सतत पीक. लांबच्या जमिनीत काही वर्षं ओट पेरायचे आणि मग ती पड ठेवायची. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी म्हणून पट्टे वाटून घ्यायचे. पीक ओट आणि जव, पुढे बटाटा. सूतही काढत, जवसाच्या जातीच्या झाडाचं. तेच त्यांचं रोख पैशाचं साधन.

उन्हाळा लागला की गुरं वर डोंगरावर. त्यांच्याबरोबर बायका आणि मुलं. वर दगड-मातीच्या खोपी असत, त्यांना शीलिंग म्हणतात. तिथे राहायचं, धारा काढायच्या, लोणी आणि चीज करायचं, खाली शेतं राखायला पुरुषमाणसं. हे वाचताना मला आमच्या कोयनेकाठच्या सड्यांवरचे गवळी-धनगरांचे वाडे आठवले. तीच गुरं, तोच पाऊस, लोणी पानात गुंडाळून खाली आणायची तीच रीत.

लोण्यावरून आठवलं. केनमोरजवळ क्रॅनॉग सेंटर आहे, ते आम्ही बुधवारी पाहिलं. क्रॅनॉग म्हणजे पाण्यात खांब रोवून बांधलेलं गोल घर. ह्या तळ्यात अशा १८ घरांच्या जागा सापडल्या आहेत. केंद्राने बांधलेली प्रतिकृती जून २०२१ मध्ये आगीत जळली, आणि एप्रिल २०२४ मध्ये पलीकडच्या काठावर नवीन केंद्र उघडलं. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी भांड्याची गोष्ट सांगतात. पाण्यातून वर काढलं तेव्हा त्याला लोण्याचे अवशेष चिकटलेले होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या बाईचं ताक घुसळून काढलेलं लोणी! म्हणजे ह्या काठावर तेव्हापासून माणसं राहतात. 'कुणीच नाही' ही इथली अलीकडची गोष्ट आहे.

मग ती माणसं गेली कुठे?

अठराव्या शतकाच्या शेवटी जुन्या सामाईक वाड्या मोडून एकेका कुटुंबाला वेगळा तुकडा देणं सुरू झालं. त्याच सुमाराला युद्धं चालू होती, जमीनदारांना पलटणी उभारायच्या होत्या, तेव्हा डोंगरात माणसं भरपूर असणं त्यांच्या फायद्याचं होतं. १८१५ मध्ये नेपोलियन हरला. शिपाई नको झाले, गुरांचा भाव पडला. मेंढीच्या लोकरीला मात्र गिऱ्हाईक होतं, आणि एका मोठ्या मेंढपाळाचा खंड शंभर गरिबांपेक्षा वेळेवर येतो. १८३४ मध्ये दुसरा मार्क्विस, जॉन कॅम्पबेल, गादीवर आला. त्याच्या काळात लॉख टेच्या काठावरची आणि आसपासच्या दऱ्यांमधली कुटुंबं मोठ्या प्रमाणावर उठवली गेली. शेजारच्या ग्लेन क्वेखमधली कितीतरी माणसं थेट कॅनडात, ऑन्टारिओच्या जंगलात जाऊन वसली. मार्क्विसच्या हयातीतच त्याच्यावर छापून टीका झाली, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली.

शिक्षकाच्या सवयीने दुसरी बाजूही सांगते. सगळ्यांनाच काठीने हाकललं असं नाही. लोकसंख्या वाढली होती, तुकडे लहान झाले होते, ग्लासगोच्या गिरण्या बोलावत होत्या, काही आपण होऊन गेले. १८४६ पासून बटाट्याला रोग पडला. आणि मार्क्विसही गोष्टीतला दुष्ट सावकार नव्हता. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली, पाळकांनी सरकारी पगार आणि घरं सोडली, तेव्हा बडे जमीनदार विरोधात असताना हा त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. सदसद्विवेकासाठी घर सोडणाऱ्या पाळकाचं दुःख त्याला कळलं. आपल्या कुळाचं कळलं नाही. माणसं अशीच असतात, आपणही.

ह्या सगळ्याच्या ऐन मध्यावर, सप्टेंबर १८४२ मध्ये, तरुण राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट केनमोरच्या टेमथ किल्ल्यावर पाहुणे आले. मार्क्विसने थाट केला. तोफांची सलामी, चौकटीच्या कपड्यातले पहारेकरी, डोंगरांवर शेकोट्या. निघताना राणी होडीतून तळ्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेली, आणि नावाड्यांनी वाटेत गेलिक गाणी म्हटली. राणीला तो प्रवास आवडला. पुढे १८६८ मध्ये तिच्या रोजनिशीतला भाग छापून आला, आणि डोंगराळ स्कॉटलंड पाहायला जायची आधीच असलेली हौस आणखी वाढली. १८८६ मध्ये किलिनपर्यंत आगगाडी आली. तळ्यात आगबोट सुरू झाली.

मी आमच्या पायरीवर बसून त्या होडीचा विचार करत होते. ती ह्याच पाण्यावरून गेली असणार. दोन्ही बाजूंना सुंदर, शांत उतार. गाणी म्हणणाऱ्या नावाड्यांपैकी कुणाचं घर त्या उतारावर होतं, कुणाचं पुढच्या वर्षी राहणार नव्हतं, हे होडीत बसलेल्यांना दिसलं नसेल. ते मला तरी पहिल्या संध्याकाळी कुठे दिसलं होतं?

गुरुवारी पलीकडच्या काठावर जुनं लॉअर्स पाहायला गेलो. तिकडे कुणाच्याही रानातून, नुकसान न करता, पायी जायचा हक्क २००३ च्या कायद्याने सगळ्यांना आहे, त्यामुळे कुणी हटकत नाही. पाण्याच्या अगदी कडेला १६६९ सालच्या चर्चच्या भिंती आणि काही घरांचे सांगाडे झाडोऱ्यात उभे आहेत. २०२१ मध्ये हे पडकं गाव विक्रीला निघालं होतं, त्याची वर्तमानपत्रांत बातमी आली होती. जिथे पूर्वी वस्ती होती तिथे नेटल नावाचं अंगाची आग करणारं झुडूप दाट उगवतं. माणसांच्या आणि जनावरांच्या राखशेणाने जमीन कसदार झालेली असते म्हणून. घर पडलं, नाव गेलं, तरी झुडूप सांगतं की इथे चूल होती. ह्यांनी हात लावला आणि परत येईपर्यंत हात चोळत राहिले.

ह्या गावची एक दंतकथा आहे. सतराव्या शतकात 'लेडी ऑफ लॉअर्स' म्हणून एक बाई होती, तिला पुढचं दिसायचं म्हणतात. तिने सांगून ठेवलं होतं म्हणे, की एक दिवस मेंढीचं तोंड नांगराला शेताबाहेर काढील, आणि तळ्याकाठची घरं इतकी लांब लांब होतील की एका घरचा कोंबडा दुसऱ्या घरी ऐकू येणार नाही.

भविष्य आधी सांगितलं की नंतर रचलं, हा वाद इतिहासवाल्यांचा. पण रचणाऱ्याला गाव मोडणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. किती एकर, किती कुटुंबं असं नाही सांगितलं. कोंबडा ऐकू येणार नाही, एवढंच सांगितलं.

मला तिथेच दगडावर बसावं लागलं. लेकीला वाटलं मी दमले.

आता जे लिहिते ते माझ्या भाचे-पुतण्यांना थोडं माहीत आहे, बाकीच्यांना नसेल. माझं माहेर पाण्याखाली आहे. कोयनेच्या खोऱ्यात, जावळीच्या बाजूला, आमची पाच-पंचवीस घरांची वाडी होती. नाचणी, वरी, थोडं भात. मी अकरा वर्षांची असताना आम्ही ती सोडली. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि शिवसागर भरत गेला. अर्धी वाडी घाट उतरून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात गेली. आम्ही साताऱ्याला मामांकडे आलो. आई पुढे कितीतरी वर्षं पहाटे उठून म्हणायची, "इथे कोंबडं कसं आरवत नाही गं?" साताऱ्यात आरवायचं. तिला ते ऐकू यायचं नाही.

मी ३१ वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. कोयना दरवर्षी यायची. धरणाची उंची १०३ मीटर. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. पाणी पश्चिमेकडे वळवून, डोंगराच्या पोटातून खाली सोडून केलेली वीज. महाराष्ट्राची भाग्यरेषा. मुलांकडून पाठ करून घेतलं. त्या वर्गात एकदाही, खरंच एकदाही, मी म्हटलं नाही की बाळांनो, ह्या पाण्याखाली तुमच्या बाईंचं घर आहे. परीक्षेला येणार नव्हतं म्हणून असेल. लाज वाटायची म्हणून असेल, कारण आम्हाला 'धरणवाले' म्हणत. किंवा एवढ्या मोठ्या कामापुढे आपली वाडी ती काय, असं मनापासून पटलेलं होतं म्हणून असेल.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. तिथे एका माणसाच्या खंडासाठी झालं, इथे लाखो घरांच्या दिव्यांसाठी. ज्या विजेवर हा संगणक चालतो तीत कोयना आहे, ती नको होती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आज तिथे साधारण १९६० मेगावॅटची सोय आहे, ती थोडी नव्हे. उठलेल्या माणसांना काय मिळालं, किती उशिरा मिळालं, कुणाला मिळालंच नाही, हा हिशोब वेगळा आहे आणि अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी झाली. माणसं गेली, आणि मागे जे उरलं ते अतिशय सुंदर दिसायला लागलं. आज तापोळ्याला पाण्याकाठी रिसॉर्टं आहेत, होड्या आहेत, लोक त्याला मिनी काश्मीर म्हणतात. तिथेही कुणीतरी नात हात पसरून म्हणत असेल, आजी, इथे कुणीच नाही.

तिथल्या शाळांचीही गोष्ट वाचली. किलिनचे पाळक जेम्स स्टुअर्ट ह्यांनी बायबलचा नवा करार स्कॉटिश गेलिकमध्ये आणला, तो १७६७ मध्ये छापला गेला. ज्या भाषेत असं काम ह्याच तळ्याकाठी झालं, ती भाषा आता इथल्या गावांत बोलली जात नाही. माणसं उठली हे एक कारण. दुसरं कारण, १८७२ मध्ये सगळ्या मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदा आला, त्यात गेलिकला जागाच ठेवली नव्हती. कुणी बंदी घातली असं नाही. फक्त तिचं नाव नव्हतं. शिक्षकांनी जे पुस्तकात होतं ते शिकवलं. ह्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ते मास्तर लोक वाईट नसणार. माझ्यासारखेच असणार.

१८८६ मध्ये पार्लमेंटने डोंगराळ भागातल्या लहान कुळांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यांना आता उठवता येणार नाही, खंड वाजवी ठरेल. चांगला कायदा. पण तो सात परगण्यांपुरता होता आणि पर्थशर त्यात नव्हतं. तोवर लॉख टेवर राखायला फारसं कुणी उरलंही नव्हतं. पुढे १९२० च्या दशकात खुद्द टेमथ किल्लाही विकला गेला. मालक गेले, मेंढ्याही कमी झाल्या, उरलेल्या गोठ्यांना आणि शेतघरांना खिडक्या-शेगड्या बसल्या, आणि आमच्यासारखे लोक आठवड्याच्या भाड्याने येऊ लागले. तरुण मुलांना मात्र राहायला घर मिळत नाही, कारण घरं पाहुण्यांसाठी आहेत. ही तक्रार आता तिकडच्या बऱ्याच सुंदर गावांत ऐकू येते. आमच्या घराचे मालक भले लोक होते, अंडी आणि लाकडं आणून दिली. त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. पण आपण जी शांतता विकत घेतो ती कुठून येते, हे माहीत असावं एवढंच.

शुक्रवारी ज्वारीचं पीठ संपलं. केनमोरच्या बाजूने आणलेलं ओटचं पीठ होतं. गरम पाण्यात भिजवलं, थापायला गेले तर तुटायला लागलं, मग जाड थापून तव्यावर टाकलं. जावई म्हणाले, "आई, ही तर इथली बॅनक झाली!" तिकडच्या बायका चुलीवर लोखंडी तवा टांगून हेच भाजायच्या. ज्या गोठ्यात आम्ही बसलो होतो त्याच्या मालकिणीनेही भाजली असेल. नातीने लोणी लावून दोन खाल्ल्या.

मग मी तिला नकाशापाशी नेलं. म्हटलं, हे बघ, इथे किती घरं आहेत मोज. तिने बोट ठेवून मोजली. मग ती खिडकीशी गेली आणि बाहेर बघून आली. "मग ही सगळी लोकं कुठे गेली?" मी सांगितलं. कॅनडा सांगितला, ग्लासगो सांगितलं. मग कोयना सांगितली. माझी आई, वाडी, कोंबडं, सगळं. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणा मुलाला सांगितलं, आणि तेही परक्या देशातल्या गोठ्यात. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "तुमच्या गावाचा पण असा मॅप आहे का?"

मी गप्प बसले. सातबारे होते, ते बाबांबरोबर गेले. १७६९ च्या मॅकआर्थरसाहेबांनी दुसऱ्याच्या फायद्यासाठी का होईना, घरं लिहून ठेवली. त्यांच्या आधारावर २००२ ते २००५ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी बेन लॉअर्सच्या उतारावर खोदकाम केलं, शीलिंगच्या खोपी आणि पडकी घरं शोधली. आमच्या वाडीत पाण्याखाली कोण खणणार?

साताऱ्याला परत आल्यावर मी दादाला फोन केला. तो ८१ वर्षांचा आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की देवळाचं जोतं दिसतं, ते पाहायला तो पूर्वी जायचा. मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, दादा, देवळापासून सुरू कर, एकेक घर सांग. पहिल्या दिवशी नऊ घरं झाली. दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं की ओढ्याच्या अलीकडे सुतारांचं घर होतं, ते राहिलंच. सध्या वहीत २३ घरं आहेत. दादा म्हणतो २६ होती. वरच्या आळीवरून आमचं भांडणही झालं. कुणाच्या दारात फणस होता ते मात्र दोघांनाही चोख आठवतं. नातीने त्या माहितीवरून कागदावर नकाशा काढायला घेतला आहे. फणस तिने घरांपेक्षा मोठे काढलेत, असू देत.

तर मंडळी, हा लेख सुट्टीचा होता आणि भलतीकडेच गेला, त्याबद्दल क्षमा. आमच्या वाडीचं कुणी हे वाचत असेल, विशेषतः रायगडकडे गेलेल्या घरांतलं, तर वरच्या आळीत ओढ्यापलीकडे कुणाची घरं होती तेवढं मला कळवा. आई-आजीला विचारून कळवा. लवकर विचारा.

बाकी लॉख टे फार सुंदर आहे. जमलं तर जरूर जा. पीठ जास्त न्या.